खांद्याची वारसनोंद

मी, सुंदरबाई भगवानराव शिनगारे, वय वर्षे सत्तर, धंदा आधी दूध घालणे व आता न मागता सल्ले देणे, राहणार मौजे घोडदरा, तालुका धारूर, जिल्हा बीड, आज राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा गहिनीनाथ याला त्याबद्दल शंका आहे. "माय, पोपटासाठी कुणी वकील करतं का?" असं तो परवा चार माणसांत म्हणाला. ज्या घरात सरपंचकीच्या एका जागेसाठी तीन वकील झाले, त्या घरात हा प्रश्न निघावा याचं मला नवल वाटतं.

माझ्यावर कुणाचा दबाव नाही. शिक्षण सातवी पास. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, त्यामुळे अक्षर माझं मीच काढते आहे. यातलं एखादं वाक्य कायद्याचं वाटलं तर ते धारूरच्या वकीलसाहेबांचं समजावं, आणि झोंबलं तर माझं.

कलम पहिले, शेतजमीन. मालक, म्हणजे माझे यजमान कै. भगवानराव, चार वर्षांपूर्वी गेले. त्यांची शेती गहिनीनाथच्या नावाला लागलेली आहे. माझा हिस्सा मी तलाठ्यासमोर सोडला. सही करताना तलाठी म्हणाला, "काकू, इचार करून करा." घरादारात मला विचार करायला सांगणारा तो पहिलाच माणूस, म्हणून त्याचा इथं मानाने उल्लेख करते. जमीन गेली ती गेली.

कलम दुसरे, दागिने व जनावरे. बोरमाळ आणि कुड्या सूनबाई वत्सलाला. बोरमाळेचे तीन मणी कमी आहेत, त्याचा आळ मोलकरणीवर घेऊ नये. ते व्हाईसने फोडले. व्हाईस कोण ते पुढे येईल. म्हैस आणि तिची वगार हीसुद्धा वत्सलाचीच. दूध डेअरीला तिच्या नावाने घालावं आणि पासबुक तिच्याच ट्रंकेत राहावं. नाव बाईचं आणि पासबुक गड्याच्या खिशात, हा प्रकार मी पस्तीस वर्षं करून बघितला आहे. त्यात बाईच्या वाट्याला फक्त शेण येतं.

दुधाच्या दोन किटल्या, कडबा कापायचं यंत्र आणि दुष्काळात घेतलेली पाण्याची टाकी गहिनीनाथला. 'सौ. सुंदरबाई भ. शिनगारे, चेअरमन' ही पितळी पाटी गोठ्याच्या दाराला ठोकावी. सगळ्या गावात माझ्या शब्दावर काही हललं असेल तर ते तिथंच.

कलम तिसरे, व्हाईस.

सन २०१३ च्या दुष्काळात आमच्या महिला दूध संस्थेच्या आवारातला लिंब वाळला, म्हणून तोडला. ढोलीतून पोपटाची तीन पिलं पडली. दोन तिथंच मेली. तिसऱ्याच्या अंगावर पीस नव्हतं, नुसती चोच आणि भूक. मी त्याला पदरात घेतलं आणि हरभऱ्याची भिजलेली डाळ वाटून बोटाने भरवली. गावाला प्यायला पाणी नाही आणि ही बाई पाखराला थेंब थेंब पाजते, म्हणून मालक चिडले. मी म्हणाले, माझ्या वाटणीचं पाजते.

तेव्हा मी त्या संस्थेची चेअरमन होते. म्हणजे कागदावर. जागा बाईची, म्हणून नाव माझं. सभा, सह्या, हारतुरे आणि भाषणं मालकांची. गाव त्यांनाच चेअरमनसाहेब म्हणायचं आणि मला चेअरमनसाहेबांची मंडळी. पोपट मात्र पंख फुटल्यापासून माझ्या उजव्या खांद्यावरून हलेना. संस्थेसमोर रामहरीचं चहाचं हॉटेल आहे. तो म्हणाला, "काकू, चेअरमन कोन हाय ते जाऊ द्या, पर तुमचा व्हाईस चेअरमन लई इमानी हाय." तेच नाव पडलं.

हे वाचून वकीलसाहेब खुर्चीतल्या खुर्चीत हलले. म्हणाले, "बाई, पोपट पाळणं कायद्याने गुन्हा आहे. तो मृत्युपत्रात घालू नका, तो तुमच्या मालकीचा होऊच शकत नाही." सरकारला दुष्काळात आमची जनावरं दिसली नाहीत, पण पोपट बरोबर दिसतो. तरी कायद्याचा मान राखून लिहिते, की सदर पक्षी माझ्या मालकीचा नाही. मी त्याच्या मालकीची आहे. गेली बारा वर्षं पिंजरा नाही, साखळी नाही, पंख कापलेले नाहीत, दार उघडं आहे. तो जात नाही. तेव्हा मी पोपट कुणाला देत नसून, मी गेल्यावर त्याच्याकडे रिकामी होणारी जागा भरते आहे. सहकारात रिकामी जागा भरायला कुणाची ना नसते.

त्या जागेचं काम काय, हे नीट लिहून ठेवते, म्हणजे मागून कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं म्हणायला नको. व्हाईस पहाटे उठतो आणि तुम्हालाही उठवतो, पापणी चोचीत धरून. भाकरी थापताना तो खांद्यावर, निवडताना मांडीवर, दुपारी पडलं की पदराच्या आत. न्हाणीघराचं दार लावलं की तो वर बसून असा आकांत करतो, की शेजारच्यांना वाटावं बाई बुडाली. फोन कानाला लावला की फोनला चावतो. माझ्या जवळ कुणी बसलं की त्याला चावतो. माझ्या एकाही पोलक्याचा उजवा खांदा शाबूत नाही. आणि लाडात आला, की स्वतःच्या पोटातला दाणा वर काढून माझ्या कानात भरतो.

हे शेवटचं मी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते हसून म्हणाले, "काकू, नर पोपट मादीला भरवतो. तो तुम्हाला बायको समजतोय." मी म्हणाले, मग यालाच नवरा म्हणायला पाहिजे. पहिल्याने कधी पाण्याचा तांब्या भरून दिला नाही.

आणि तो माझं नाव घेतो. मालकांनी पन्नास वर्षांत मला "अगं ए", "ऐकलं का" आणि पाहुण्यांसमोर "आमच्या घरातून" याखेरीज हाक मारली नाही. मी माहेराहून आणलेलं नाव रेशनकार्डावर पडून होतं. मग मी गोठ्यात बसून, कुणी ऐकत नाही हे बघून, या पाखरासमोर दोन महिने स्वतःचंच नाव घेतलं. सुंदर. सुंदर. वेडीच म्हणायची. एके दिवशी धार काढत होते आणि मागून हाक आली. त्या दिवशी मी रडले, आणि विचारणाऱ्यांना कांदा चिरत होते असं सांगितलं. गोठ्यात कांदा कुठला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

माझी एकच काळजी आहे आणि तिच्यासाठी हा सगळा कागद. या चैत्रात माझं काळीज दुखावलं आणि मला अकरा दिवस अंबाजोगाईला दवाखान्यात ठेवलं. गहिनीनाथने बाजारातून पिंजरा आणून व्हाईसला त्यात घातलं, समोर दाण्याची वाटी ठेवली आणि कर्तव्य संपवलं. व्हाईसने दाण्याला चोच लावली नाही. त्याने स्वतःच्या छातीची पिसं उपटली, एकेक करून, रक्त येईपर्यंत. डॉक्टर म्हणतात माझं काळीज आता फार दिवसांचं नाही. पोपट अजून दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. म्हणजे मी गेल्यावर त्याला कुणाचा तरी खांदा लागणार, नाहीतर तो स्वतःला सोलून मरणार.

गहिनीनाथला विचारलं. तो म्हणाला, "माय, मी माणसांत वावरतो, पोपट घिऊन कुठं फिरू?" त्याच्या मागे फिरणारी माणसं मी बघितली आहेत. व्हाईस त्यांच्यापेक्षा स्वच्छ आहे. वत्सलाचा जीव आहे त्याच्यावर, पण तो तिला जवळ येऊ देत नाही, दोनदा बोट फोडलं आहे. तिचा दोष नाही.

कलम चौथे, घर. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

मी राहते ते दोन खोल्यांचं स्लॅबचं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. निवडणुकीच्या अर्जात मालमत्ता कमी दिसावी म्हणून मालकांनी ते माझ्या नावावर केलं. परत फिरवून घ्यायला ते विसरले आणि मग वारले. या घराची पूर्वेची भिंत माझी धाकटी जाऊ मंजुळाबाई रामकिसन शिनगारे हिच्या घराला सामाईक आहे. तिचं घर पत्र्याचं. ती आणि रामकिसन भाऊजी जन्मभर ऊसतोडीला गेले. दिवाळी झाली की घराला कुलूप, आणि उन्हाळ्यात परत. तिला मूल नाही. मी तिच्याशी नऊ वर्षं बोललेले नाही.

का बोलले नाही, ते लिहिते. सन २०१६ चा उन्हाळा. टँकर आठवड्याला एक. संस्थेच्या आवारातल्या बोअरला पाणी होतं, पण ते संचालकांच्या जनावरांना. बाया घागरी घेऊन फाटकाबाहेर बसायच्या. एक दिवस मी फाटकाचं कुलूप काढलं आणि बोअर सगळ्या गावाला खुलं केलं. मालकांना न विचारता केलेलं आयुष्यातलं पहिलं काम. आठ दिवसांत माझ्यावर अविश्वासाचा ठराव आला. विश्वास तोपर्यंत कुणावर होता, हे कुणी विचारलं नाही.

आम्ही अकराजणी संचालक, मंजुळाही त्यात. एरवी सभेला अकरा नवरे बसायचे आणि बायांच्या सह्या घरपोच घेतल्या जायच्या. पण त्या दिवशी बीडहून आलेल्या अधिकाऱ्याने हट्ट धरला, की मतदान बायाच करतील आणि गडी बाहेर थांबतील. मी व्हाईससकट आत गेले. अधिकारी म्हणाला, "पक्षी सभासद आहे का?" मी म्हणाले, "साहेब, एवढी वर्षं सभासद नसलेले अकराजण इथं बसत होते. हा तर गप बसतो."

गडी बाहेर गेले, म्हणजे खिडक्यांशी गेले. बाया आत बसून खिडकीकडे बघत होत्या. खिडकीत हात वर झाला की आत हात वर व्हायचा. ठरावाला आठ हात हवे होते. सात वर गेले. रामकिसन भाऊजी त्या दिवशी तापाने घरी पडले होते, त्यामुळे मंजुळाला खिडकी नव्हती. मी तिच्याकडे बघून हसलेसुद्धा. तिने मान खाली घातली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि हात वर केला.

ठराव मंजूर. संध्याकाळी बोअरला परत कुलूप. त्या उन्हाळ्यात फाटकाबाहेर बसलेल्या बायांनी चार कोस तुडवून पाणी आणलं, आणि माझ्या स्वतःच्या जावेने ते करवलं, असं मी धरून बसले. दोन घरांच्या अंगणांमधल्या भिंतीवर चार थर विटा चढवल्या. तिच्या दारावरून जाताना थुंकले, हेही लिहिते. दोन वर्षांनी रामकिसन भाऊजी वारले, तेव्हा भिंतीपलीकडे तिचं रडणं ऐकत मी चुलीपुढे बसून राहिले. गेले नाही. याला माझ्याकडे सफाई नाही.

आता या चैत्रातलं. दवाखान्यातून आले तर व्हाईस जिवंत. छाती उघडी, पण डोळ्यात पाणी होतं आणि पोटात दाणा. वत्सलाला विचारलं तर ती चाचरत म्हणाली, "आत्याबाई, रागावू नका. चौथ्या दिवशी मंजुळाकाकू आल्या. म्हनल्या, भिंतीतून त्याचं रडनं ऐकू येतंय, मला झोप न्हाई. पिंजरा उघडला आन् खांद्यावर घिऊन गेल्या. तुम्ही यायच्या सकाळी आणून ठेवला." दुसऱ्या दिवशी विटांवरून मी बघितलं. मंजुळाच्या कानाच्या पाळीला हळदीचा लेप होता. कुणाच्या चोचीचं काम ते मला ओळखू आलं. व्हाईसला तिचा खांदा चालला होता. माझ्याखेरीज त्याने स्वीकारलेला हा एकच खांदा, आणि तो नेमका तिचा.

रामहरी तब्येत विचारायला आला, त्याला मी म्हणाले, "हात वर करताना तिला लाज वाटली नाही, आता पोपट सांभाळून पुण्य मिळवते." रामहरीने बशीतला चहा हलवला. मग म्हणाला, "काकू, एक सांगू का? त्या दिशी चेअरमनसायेब खिडकीत उभे व्हते. त्यांनी माझ्याकडं हात वर केला, चार बोटं दावली. चार कट चहा. मी किटली घिऊन गेलो तर आत ठराव झालता. मंजुळाकाकूंनी सायबांचा हात बघितला आन् आपला वर केला. मला वाटलं, तुमाला म्हाईत हाय."

म्हणजे चार कट चहापायी माझी खुर्ची, गावाचं पाणी आणि माझी जाऊ गेली. आमच्याकडे धाकटी सून मोठ्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्याच्याशी बोलत नाही, त्याचा इशारा मोडत नाही. खिडकीत मोठ्या दिराचा हात दिसला, तिने हात वर केला. त्या घडीला तिला वाटलं असणार, नवऱ्यानेच बायकोला उतरवायचं ठरवलंय, मग आपण कोण? चहाचं तिला मागून कळलंच असेल, असं मी धरलं.

मालकांबद्दल एवढंच. चहा चहाच होता, हे मी मान्य करते. चहासाठी ते स्वतःच्या वरातीतूनही उतरले असते. पण आपल्या हाताने काय झालं, ते त्यांना त्याच मिनिटाला कळलं असणार. नंतर पाच वर्षं मी रोज त्यांच्या ताटासमोर बसून मंजुळाला शिव्या दिल्या, आणि त्यांनी रोज भाजीत मीठ कमी आहे एवढंच सांगितलं. त्यांचा फोटो भिंतीवर आहे तिथं राहू द्यावा. हार वर्षातून एकदा पुरे.

सबब, वर लिहिलेलं घर, आतल्या भांड्याकुंड्यांसह, मी मंजुळाबाईला कायमचं देते. वकीलसाहेब म्हणाले, पोपट सांभाळण्याची अट घाला. मी घातली नाही. अट घातली तर ती घर नाकारेल आणि पोपट नेईल, आणि मी मेल्यावरही तिच्यापुढे हरेन. गहिनीनाथने कोर्टात जाऊ नये. त्याच्याकडे घर आहे, गाडी आहे आणि मागे फिरणारी माणसं आहेत.

कलम पाचवे. हे मूळ मसुद्यात नव्हतं.

वरचं सगळं लिहून झाल्यावर वकीलसाहेबांना विचारलं, की हे लागू कधी होणार. ते म्हणाले, "तुमच्या पश्चात. सहसा तेराव्यानंतर वाचतात." मी बोटं मोजली. व्हाईस माझ्यावाचून चार दिवस काढू शकतो. तेरावा होऊन, पाहुणे पांगून, गहिनीनाथला कागदाची आठवण येईपर्यंत तो मातीत गेलेला असेल. एवढा कायदा घोटून मी कागद केला तो मेलेल्या पोपटासाठी. मृत्यूनंतरची सोय मृत्यूआधीच करावी लागते, आणि त्यासाठी ज्या दारावरून जाताना थुंकले त्या दाराची कडी वाजवावी लागते, हे वकिलीच्या पुस्तकात नसावं.

आज सकाळी व्हाईसला खांद्यावर घेऊन गेले. मंजुळा तांदूळ निवडत होती. उठली, पदर डोक्यावर घेतला. मी म्हणाले, "मालक गेले, आता कुणासमोर पदर घेतेस?" तिने तांदळाचं सूप बाजूला सरकवलं. मी विचारलं, "चहाचं का नाही सांगितलंस? नऊ वर्षं?"

"चहा? कसला चहा, आक्का?"

तिला माहीतच नव्हतं. नऊ वर्षं ती समजत होती, की दिरांनी मुद्दाम हात वर केला. माझ्या नवऱ्याने मला दगा दिला हे मला कळू नये, म्हणून माझ्या शिव्या ती खात होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग मी आपल्या मनानं हात खालीच ठिवायला पायजे व्हता. चुकलं माझं." मी म्हणाले, "नऊ वर्षं मी तरी कुठं डोकं वापरलं?" मग आम्ही दोघी रडलो. या वेळी कांद्याचं नाव घेत नाही.

घराचं सांगितलं. ती म्हणाली, "घर ठिवा तुमच्याजवळ. तुमी जगा." मी म्हणाले, "ते माझ्या हातात नाही. हा तेवढा तुझ्या हातात घे." व्हाईसने मान वाकडी करून आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघितलं, माझ्या कुडीला एकदा चोच लावली, आणि तिच्या खांद्यावर गेला. उद्यापासून सकाळ माझ्याकडे, दुपार तिच्याकडे. हळूहळू सगळा दिवस तिच्याकडे. तिला माझं नाव घ्यायची सवय नाही, तेव्हा ती हाक तो विसरेल. विसरू द्यावं.

मी हे मृत्युपत्र वाचून, समजून, खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे व त्यांनी माझ्यासमोर आपल्या सह्या केल्या आहेत.

साक्षीदार :
१. रामहरी, हॉटेलवाला. (चहा आज त्याने न सांगता आणला.)
२. राधाकिशन, पोस्टमन, घोडदरा.

ठिकाण : मौजे घोडदरा, मंजुळाबाईची ओसरी.
दिनांक : ९ जून २०२५, वार सोमवार.

सही : सुंदरबाई भगवानराव शिनगारे

सही जराशी वाकडी आली आहे, म्हणून कोर्टात कुणी खोटी म्हणू नये. बारा वर्षं उजव्या खांद्यावर त्याला घेऊनच लिहीत आले. आज हात हलका पडला.